विषय समाजसेवा, श्रेणी अ

दहावीचा निकाल लागला की गुणपत्रिकेच्या वरच्या अर्ध्या भागाचीच चर्चा होते. गणिताला किती, सायन्सला किती, बेस्ट ऑफ फाइव्ह धरून टक्के किती. तळाशी श्रेणीच्या विषयांच्या दोन-तीन ओळी असतात. त्यांच्याकडे ना पालक बघतात, ना अकरावीच्या प्रवेशाची यादी लावणारे. समाजसेवा हा विषय महाराष्ट्रातल्या शाळांत वर्षानुवर्षं या तळमजल्यावरच राहिला. श्रेणी बहुतेकांना ‘अ’. कारण ‘ब’ द्यायचा तर तो का दिला हे सांगावं लागतं, आणि ते सांगायला वर्षभर मुलानं काय केलं याची नोंद असावी लागते.

नोंद नसते असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. फायली भरपूर असतात. सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी शाळेच्या कपाटात सेवेच्या उपक्रमांचे अहवाल फोटोंसकट सापडतील. वर्षाचं चक्रच ठरलेलं आहे. जूनमध्ये शाळा उघडली की वृक्षारोपण. आषाढीच्या तोंडावर वृक्षदिंडी, ग्रंथदिंडी, स्वच्छतादिंडी. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे दिंडीची हौस आयती आहे, दरवेळी फक्त फलक बदलतो. गणेश विसर्जनाला तलावाकाठी निर्माल्य गोळा करायला मुलं उभी. २ ऑक्टोबरला झाडू. दिवाळीनंतर खेड्यातल्या शाळांचा वनराई बंधारा. ७ डिसेंबरच्या आगेमागे ध्वजदिनाचा निधी. जानेवारीत रस्ता सुरक्षा. अधूनमधून तंबाखूमुक्ती, मतदार जागृती, प्लॅस्टिकबंदी. यातला जवळजवळ प्रत्येक उपक्रम कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्याचा असतो, आणि प्रत्येक खात्याला आपल्या रॅलीत गणवेशातली मुलं हवी असतात. ‘सर, उद्या पन्नास मुलं पाठवा’ हा फोन मुख्याध्यापकांना कुणीही करू शकतो. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: फोटो टाका, अहवाल पाठवा, लिंक भरा.

याला समांतर कायमची पथकं आहेत. भारत स्काऊट्स आणि गाईड्स १९५० पासून, एनसीसी १९४८ पासून, रस्ता सुरक्षा दल, ज्युनिअर रेडक्रॉस आणि २००१-०२ च्या सुमारास सुरू झालेली राष्ट्रीय हरित सेना. अकरावी-बारावीला राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे रासेयो. पसारा मोठा आहे. तो तपासायला मी एकच साधा प्रश्न विचारतो: मुलं त्याच जागी परत जातात का? एकदा गेलेली मुलं पुन्हा गेली, आधी केलेल्या कामाचं काय झालं ते त्यांनी बघितलं, फसलं असेल तर का फसलं हे शोधलं, तर त्याला सेवेचं शिक्षण म्हणावं. बाकीचं सगळं हजेरीपटावरचं.

सोलापूरच्या मातीत ही गोष्ट नवी नाही. या गावाचं दैवत तलाव खोदणारं आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, अनुयायांच्या श्रमावर तळं खोदलं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत आपण त्याच तळ्याला वळसा घालतो. शरणसाहित्यातल्या शून्यसंपादनेत एक प्रसंग आहे. अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात आणि तळ्याच्या कामात बुडालेल्या सिद्धरामांना माती उपसणाऱ्या वड्डराच्या नावानं हाका मारून डिवचतात. भोवतालचे कामकरी चिडतात, दगड उचलतात. अल्लमांचा रोख असा की हात चालतायत, पण ते कशासाठी याचा आत काही उजेड पडलाय का? मला हा प्रसंग शिक्षणशास्त्राच्या पुष्कळ पुस्तकांपेक्षा उपयोगी वाटतो. त्यात सिद्धराम खोदणं सोडून देत नाहीत, आणि अल्लमांचा प्रश्नही विरून जात नाही.

आधुनिक शिक्षणात हा प्रश्न पहिल्यांदा ठोसपणे मांडला गेला तो १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत. गांधीजींच्या नयी तालीममध्ये हातांचं काम हेच शिक्षणाचं माध्यम होतं, सेवा हा वेगळा तास नव्हता. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत मुलं कमवत आणि शिकत होतीच. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं कार्यानुभव आणि समाजसेवा दोन्ही शालेय शिक्षणात असाव्यात असं सांगितलं. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं ‘समाजोपयोगी उत्पादक काम’ हे लांबलचक नाव दिलं. इथून एक घसरण सुरू झाली. जे माध्यम होतं ते विषय झालं, विषयाचा तास झाला, तासाची तासिका झाली, आणि परीक्षा जवळ आली की ती तासिका गणिताचे सर मागून घेऊ लागले. कार्यानुभवाच्या नावाखाली कागदी फुलं आणि खडूच्या पेट्या करणाऱ्या पिढीला हे सांगायला नको.

रासेयोचा जन्म गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातला, २४ सप्टेंबर १९६९ चा. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी एवढ्यावर ती सुरू झाली. कनिष्ठ महाविद्यालयांसाठी ती आली १९८५ मध्ये. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. या योजनेत एक गोष्ट शहाणपणाची आहे. दत्तक गाव एकदा घेतलं की पुढच्या वर्षीही तेच, निदान कागदावर तरी तशी अपेक्षा असते. सात दिवस गावात राहिलं की तिसऱ्या दिवशी उद्घाटनाची मंडळी निघून जातात, चौथ्या दिवशी गावातल्या बायका मुलींशी बोलू लागतात, आणि खरं शिबिर तिथून सुरू होतं. पण रासेयो मुलांना भेटते ती सोळाव्या-सतराव्या वर्षी, तीही युनिट असलेल्याच कॉलेजात. पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी इतकी बांधीव अशी दुसरी योजना नाही.

स्काऊटमध्ये ‘खरी कमाई’ नावाचा सुंदर प्रकार आहे. मुलानं स्वतःच्या कष्टानं चार पैसे मिळवायचे आणि ते पथकाच्या कामाला द्यायचे. गाडी धुवा, पुस्तकांना कव्हरं घाला, शेजारच्या आजोबांचं दळण आणून द्या. अलीकडे पुष्कळ शाळांत त्याची खाऊगल्ली झाली आहे. आई पहाटे उठून भजी तळते, बाबा टेबल आणतात, मुलगा पैसे मोजतो. कमाई खरी असते, फक्त ती आईची असते.

आता सोलापूरच्या पूर्व भागाकडे येऊ, कारण या विषयाची खरी गाठ तिथं आहे. अशोक चौकापासून पुढे विडी घरकुलापर्यंत पसरलेल्या या वस्त्यांत घराघरात तेलुगू बोलली जाते. हातमाग गेले, यंत्रमागही रोडावले. बाईच्या हातातली विडी मात्र टिकली. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पानं आणि तंबाखू मोजून आणायचा, पानं भिजवायची, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची, सुपात तंबाखू घेऊन वळायची, दोऱ्यानं बांधायची. दिवसाकाठी हजार विड्यांचं गणित. दुसऱ्या दिवशी शाखेत माल दिला की छाट निघते, तेवढ्या विड्यांची मजुरी गेली. ज्या घरात हे चालतं त्या घरातली आठवीतली मुलगी शाळेतून आली की दप्तर ठेवून पानं कापायला बसते. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी घागरी भरते. धाकट्या भावाचा अभ्यासही तीच घेते.

आणि याच गल्लीतून तंबाखूमुक्त शाळेची रॅली जाते. कायदा २००३ चा आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूची विक्री नको, आणि तो योग्यच आहे. तंबाखूनं होणारं नुकसान खोटं नाही. त्या नुकसानीतला काही वाटा वळणाऱ्या बायकांच्या छातीत जातो, हेही खोटं नाही. पण ‘तंबाखू सोडा’ अशी घोषणा देत मुलगी जेव्हा स्वतःच्या दारावरून पुढे जाते, तेव्हा दारात सूप घेऊन बसलेल्या आईनं काय म्हणायचं? एकदा अशाच एका रॅलीत दोन मुली घराजवळ आल्या की हळूच रांगेच्या पलीकडच्या बाजूला सरकताना दिसल्या. बाईंनी ते बघितलं आणि पुढच्या रॅलीचा रस्ता बदलला. मला वाटतं, रस्ता बदलण्याऐवजी विषय वाढवायला हवा होता. विडी कामगारांच्या मजुरीचं, ओळखपत्राचं, दवाखान्याचं काय, कोणता फॉर्म कुठे भरतात, आईचं नाव यादीत आहे का, हे त्याच मुलींनी शोधून काढलं असतं तर ती सेवा गल्लीला कळली असती. कुंभारीची हजारो घरांची वसाहत विडी कामगार बायकांनी संघटनेच्या जोरावर उभी केली, तिला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. हा धडा समाजसेवेच्या तासाला शिकवायला हरकत कसली?

शालेय सेवेच्या साऱ्या योजना एक गृहीत धरून चालतात. विद्यार्थी देणारा, आणि घेणारा कुणी दुसरा, वृद्धाश्रमातला, झोपडपट्टीतला, खेड्यातला. महापालिकेच्या शाळेतलं पोरगं या चित्रात बसत नाही. त्याच्या वस्तीत दुसऱ्या शाळेची मुलं सेवा करायला येतात, आणि त्याची स्वतःची रोजची सेवा कुठल्याही रकान्यात मावत नाही. आजारी आजीला सिव्हिलमध्ये नेऊन रांगेत उभं राहणारा, औषधाची चिठ्ठी वाचून दाखवणारा मुलगा प्रमाणपत्राला पात्र नसतो. तोच मुलगा प्रजासत्ताकदिनी फळं वाटायला गेला की असतो. दिवाळीत वसतिगृहांना, बालगृहांना भेट देण्याची प्रथाही याच जातीची आहे. तिथल्या मुलांना एका आठवड्यात पाच शाळांचा फराळ मिळतो आणि पाच वेळा ओळीत उभं राहून टाळ्या वाजवाव्या लागतात. मार्चमध्ये तिकडे कुणी फिरकत नाही.

झाडूचा प्रश्न याहून नाजूक. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे, गाव स्वच्छ करायचे, आणि रात्री कीर्तनात त्याच घाणीबद्दल गावाला प्रश्न विचारायचे. सकाळचा झाडू आणि रात्रीचा प्रश्न, दोन्ही मिळून ते काम पुरं व्हायचं. पारनेरला सेनापती बापटांनी रस्ते झाडले, कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडाससफाई स्वतः केली. वरच्या मानल्या गेलेल्या जातींतली माणसं ज्या कामाला विटाळ मानत होती, ते काम त्यांनी जाणूनबुजून हातात घेतलं. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, तेव्हा १९४१ मध्ये उभं राहिलेलं राष्ट्र सेवा दल त्यांच्या मागे होतं. सेवा दलाच्या शाखेत येणारी मुलं शाळकरी वयाचीच असत, आणि त्यांना सेवा आणि समता ही एकाच शाखेत शिकायला मिळत. आजच्या स्वच्छता मोहिमेत हा दुसरा अर्धा भाग गळाला आहे. वर्गात झाडू कुणाच्या हातात जातो? बहुतेक वेळा मुलींच्या. मुलं बाक उचलतात, मुली झाडतात आणि रांगोळी काढतात. आणि ज्या मुलाचा बाप महापालिकेत सफाई कामगार आहे त्याला कुणी चेष्टेनं ‘तुला तर जमतंच बे’ म्हटलं, तर त्या दिवशी वर्गानं नेमकं काय शिकलं? वाटणी चिठ्ठ्या टाकून करा, सरांचं नावही चिठ्ठीत घाला, आणि संडास कोण धुतो, त्याला पगार किती आणि हातमोजे मिळतात का, यावर एक तास बोला. एवढं केलं तर २ ऑक्टोबर सार्थकी लागेल.

आता बंधाऱ्याविषयी जरा सविस्तर, कारण शाळेच्या सेवेतलं हे सगळ्यात समाधानाचं काम आहे. सोलापूर जिल्हा कमी पावसाचा, वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पावसाळा सरता सरता ओढ्यांना जी बारीक धार राहते ती अडवायची. सिमेंटची रिकामी पोती जमवायची, त्यात माती-वाळू भरायची. नवखी मुलं पोतं गच्च भरतात. गच्च पोतं गोल होतं, एकावर एक बसत नाही, फटी राहतात. पाऊणच भरायचं आणि तोंड सुतळीनं शिवायचं, म्हणजे ते दाबल्यावर चपटं होऊन विटेसारखं बसतं. दुसरा थर पहिल्याच्या सांध्यावर यायला हवा. मधल्या फटींत चिकणमाती ठासायची. मुलं ओळीनं उभी राहून पोती पुढे देतात, गाणी म्हणतात, एखादा पाण्यात पडतो, आणि दुपारपर्यंत गुडघाभर पाणी साठलेलं दिसायला लागतं. काम केलं आणि तासाभरात दिसलं, असं सुख शाळेत फार कमी मिळतं.

नंतर काय? दहा-पंधरा दिवसांत कुठेतरी पोतं सरकतं, खालून पाणी झिरपतं. शेजारच्या शेतकऱ्यानं एक फावडं माती टाकली तर बंधारा जानेवारीपर्यंत चालतो, नाही टाकली तर संपतो. शाळा परत गेली तर मुलांना गळती दिसते, पाण्याची पातळी खुणेच्या काठीवर मोजता येते, वरच्या अंगाच्या विहिरीत फरक पडला का हे विचारता येतं. भूगोल, गणित आणि गावकी तिन्ही एका ओढ्यावर मिळतात. पण अहवालाला लागतो तो पहिल्या दिवसाचा फोटो. तो गेला की बंधारा शाळेपुरता पूर्ण.

पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनं २०१६ ते २०१९ या वर्षांत वेगळं काही दाखवलं. उन्हाळ्यात ४५ दिवस गावं श्रमदानाला उतरायची, आपल्या जिल्ह्यातली गावंही त्यात होती. मुलांची परीक्षा संपलेली किंवा संपत आलेली. शाळेनं पाठवलं म्हणून कुणी येत नव्हतं, आईबाप येत म्हणून मुलं येत, आणि कित्येक घरांत उलटंही, मुलांनी हट्ट धरला म्हणून बाप आला. त्या सगळ्या कामाचं पाणलोटाच्या दृष्टीनं मूल्यमापन वेगळ्यानं व्हावं, त्यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण मुलांना मोठ्यांच्या बरोबरीनं, मोठ्यांच्या कामात जागा मिळाली, ही गोष्ट शाळेच्या उपक्रमांत सहसा घडत नाही.

झाडांची गोष्ट मात्र उदास करणारी. राज्यानं २०१६ मध्ये दोन कोटी झाडांचा संकल्प सोडला, २०१९ पर्यंत तो आकडा ३३ कोटींवर गेला, आणि दरवेळी शाळा आघाडीवर. ‘काय बे, परत त्याच खड्ड्यात?’ हा सोलापुरी पोराचा प्रश्न या मोहिमांवरचं नेमकं भाष्य आहे. रोप जुलैत लावतात. त्याला पाणी हवं असतं एप्रिल-मेमध्ये, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला असताना. तेव्हा शाळेला कुलूप. शाळेचं वेळापत्रक आणि झाडाचं वेळापत्रक यांची गाठच पडत नाही.

दुसरी अडचण ज्ञानाची. ‘उजाड माळ हिरवा करू’ अशी घोषणा घेऊन मुलं माळावर जातात. सोलापूरचा माळ उजाड नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे ते या गवताळ माळामुळेच. माळढोक, काळवीट, लांडगा या सगळ्यांना मोकळं गवत हवं, दाट झाडी नको. त्या परिसरात पूर्वी झालेल्या गिरिपुष्पासारख्या झाडांच्या लागवडीवर पक्षीतज्ज्ञांनी टीका केली आहे. म्हणजे चांगल्या मनानं खणलेला खड्डाही चुकीच्या जागी असू शकतो. नान्नजच्या आसपासच्या शाळांनी झाडं लावण्यापेक्षा गवताच्या जाती ओळखल्या, पक्ष्यांची नोंद ठेवली, माळावर पेटलेला वणवा दिसताच कुणाला फोन करायचा हे गावाला शिकवलं, तर ती जास्त मोलाची मदत होईल. माळढोक आता जिल्ह्यात दिसणं जवळजवळ थांबलंच आहे. त्याची गोष्ट सांगणारी मुलं तरी असावीत.

सेवेचा एक प्रकार मात्र सक्तीतून आला आणि तरी काही ठिकाणी जमला. केंद्राच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, ज्याला आता ‘उल्लास’ म्हणतात, शाळा हेच केंद्र धरलं आहे आणि शिकवणारे स्वयंसेवक म्हणून विद्यार्थीही चालतात. २०२३ मध्ये राज्यात शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला होता, कारण अशैक्षणिक कामांचा त्यांना आधीच वीट आलेला. तरी १७ मार्च २०२४ ला पहिली परीक्षा झाली. शाळांच्या बाकांवर नऊवारीतल्या आज्ज्या बसलेल्या त्या दिवशी सगळ्यांनी पाहिल्या. एका घरात सातवीतली नात आजीला शिकवत होती. ‘आज्जी, ‘स’ला काना दे, तिथं नको, पुढं.’ आजी पाटी हातभर लांब धरून डोळे बारीक करायची. आठवडाभर असं चालल्यावर नातीच्या ध्यानात आलं की आजीला अक्षर येत नाही असं नाही, ते तिला दिसतच नाही. आधी चष्मा आला, मग अक्षरं आली. ही मुलगी साक्षरतेच्या कुठल्याही पुस्तिकेत नसलेली गोष्ट शिकली, ती रोज त्याच माणसाजवळ बसली म्हणून.

सक्तीचा प्रश्न जगभर चर्चेत आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यानं शाळा पूर्ण करायला ७५ तासांची सेवा बंधनकारक केली, १९९७ ची तुकडी त्या नियमाखाली पहिली. कॅनडाच्या ओंटारिओत १९९९ पासून ४० तास. सिंगापूरनं १९९७ मध्ये वर्षाला सहा तासांचा नियम केला आणि २०१२ मध्ये तो मोडून तासांऐवजी मुलांनी काय समजून घेतलं यावर भर देणारी नवी रचना आणली. मेरीलँडच्या नियमाचा सारा हेल्म्स यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवीतल्या मुलांची सेवा या नियमानं वाढली, बारावीच्या मुलांची मात्र घटली, असं त्यात दिसलं. तास लवकर भरून मोकळं व्हायचं, ही वृत्ती सोलापूरची आणि मेरीलँडची सारखीच म्हणायची. परदेशातल्या मराठी घरांना हा तासांचा हिशोब चांगला ठाऊक आहे. तिथल्या रविवारच्या मराठी शाळांत छोट्यांना बाराखडी शिकवायला मदत करणारी मोठी मुलं बहुधा हे तास भरायलाच येतात. त्यातली काही तास संपल्यावरही येत राहतात, कारण तोवर छोट्यांशी गट्टी जमलेली असते.

म्हणून सक्ती पूर्ण काढून टाका, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे स्वेच्छेवर सोडलं की ट्यूशनवाल्या घरांतली मुलं पहिल्या दिवशीच गळतील आणि सेवा करायला पुन्हा तीच मुलं उरतील, जी घरीही करतायत. सक्ती वेळेची असावी, कामाची नसावी. काय करायचं हे मुलांनी ठरवायचं, निदान तीन पर्यायांतून निवडायचं. एनसीसी, स्काऊटमधल्या ठरावीक कामगिरीला दहावीत वाढीव गुण मिळतात, ते चालू राहोत. पण निर्माल्य गोळा करण्याला गुण लावायला लागलो तर तलावाकाठी निर्माल्यापेक्षा मोबाईल जास्त दिसतील. आताही थोडंफार तसंच आहे.

आपत्तीच्या वेळी तर गुण, तास, परिपत्रक काहीच लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि जखमींचा ओघ सोलापूरच्या सिव्हिलकडे लागला, तेव्हा शहर आपणहून उठलं. घरोघरच्या भाकऱ्या बांधून गेल्या. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, गावंच्या गावं पाण्यात गेली, मुलांची दप्तरं भिजली, तेव्हाही वह्या-कपड्यांची मदत ठिकठिकाणाहून आली. त्या वेळी कमतरता होती ती वाटपाच्या शिस्तीची. एका गावात गठ्ठेच्या गठ्ठे, शेजारच्या वस्तीत काही नाही. नववी-दहावीची मुलं घरोघर जाऊन याद्या करू शकतात: कुणाच्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कुणाचं रेशनकार्ड वाहून गेलं, कुणाला रोजचं औषध लागतं. पूर यायच्या आधी ही यादी तयार असेल तर तिचा उपयोग तहसीलदारालाही होईल.

काम करून बघितलेली उदाहरणं राज्यात आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या आणि ती पद्धत घेतलेल्या इतर शाळांतली मुलं गावाला लागणारी कामं करून शिकतात: वायरिंग, बांधकाम, माती-पाण्याची तपासणी. त्याचे पैसेही घेतात. पैसे घेतले की गिऱ्हाईक तक्रार करतं, आणि तक्रार आली की काम सुधारतं. फुकटच्या सेवेत हा फायदा नसतो, फुकट मिळालेल्या वाईट बंधाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळवून जगभर गाजले, बक्षिसाच्या दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्यांचा एक उपक्रम एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना पडद्यावरून समोरासमोर बसवण्याचा होता. झाडू-फावड्याशिवायही सेवा असते, हे खेड्यातल्या शाळेनं दाखवलं.

नव्या राष्ट्रीय धोरणानं, २०२० च्या, सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. राज्यात पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आला आहे. वेळ त्यामुळे मिळतोय. हे शनिवार पुन्हा दहा खात्यांच्या दहा रॅलींना वाटले जाण्याची भीती मला जास्त आहे. एका शाळेनं एक ओढा, एक गल्ली किंवा एक दवाखाना घ्यावा आणि पाच वर्षं तोच ठेवावा. पाचवीत आलेलं मूल नववीत जाईपर्यंत त्या जागेचं जाणकार होतं. शिक्षकाची बदली झाली तरी नोंदवही शाळेत राहते, आणि ती वही मुलांनी लिहिलेली असावी, सरांनी भरलेली नव्हे.

यासाठी लागणारा पैसा फार नाही, पण थोडा लागतो आणि तो कुणीच धरत नाही. ओढ्यावर न्यायला टमटमचं भाडं, हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी. मुलींना दुपारभर बाहेर ठेवायचं तर जवळ वापरता येईल असा संडास. सध्या हे सगळं शिक्षकाच्या खिशातून किंवा एखाद्या दात्याच्या फलकासह येतं. मे महिन्याचा प्रश्न तर पैशानंही सुटत नाही. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यातली घागर रोपाला घालायची की नाही, हे त्या घरातली बाई ठरवते. शहरातल्या एका शाळेनं म्हणून रोपं आणण्याआधी आयांची बैठक घेतली. पंचवीस खड्ड्यांचा बेत होता, आयांनी तो नऊवर आणला, आणि त्यातही गुलमोहर नको, कढीपत्ता आणि शेवगा द्या, असं सांगितलं. वन विभागाच्या यादीत कढीपत्ता नव्हता. तो बाईंनी मंगळवारच्या बाजारातून आणला.